भाषाशास्त्रात चार वर्षांची ऑनर्स डिग्री पूर्ण करायला खरंच काय लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळची अमरावतीची एक विद्यार्थिनी बनारसला बीए करतेय, मेजर म्हणजे मुख्य विषय भाषाशास्त्र, चौथं सेमिस्टर चालू आहे. तिला विचारायचंय की ऑनर्स पूर्ण करायला नेमकं काय काय लागतं, पंचाहत्तर टक्क्यांची अट कुणाला लागते, डेझर्टेशन (शोधप्रबंध) म्हणजे किती काम असतं, व्हायवाची (तोंडी परीक्षेची) भीती वाटतेय तर तिथे काय विचारतात, आणि तिसऱ्या वर्षी डिग्री घेऊन सरळ एमएला जाणं जास्त बरं का. मी बरीच वर्षं भाषाशास्त्र शिकवतेय आणि बीए-एमएच्या डेझर्टेशनला गाईड करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. क्रेडिट पूर्ण करणं हा या डिग्रीतला सोपा भाग आहे. सेमिस्टर येतात जातात, पेपर पास होतात, क्रेडिट जमा होत राहतात. मुलं अडकतात ती सातव्या सेमिस्टरला, कारण तोपर्यंत स्वतः डेटा गोळा केलेला नसतो, ऐकलेलं नीट लिहून काढता येत नसतं, आणि विषय म्हणून "मराठीतील सर्वनामे" असं काहीतरी अवाढव्य घेऊन बसलेले असतात. म्हणून तू चौथ्या सेमला विचारलंस हे फार चांगलं केलंस, अजून हाताशी वेळ आहे.

आता नियम. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिसेंबर २०२२ मध्ये जो पदवीचा क्रेडिट फ्रेमवर्क काढला त्यात तीन वर्षांच्या डिग्रीला किमान १२० क्रेडिट आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० क्रेडिट आहेत. यातला साधारण अर्धा भाग मेजरचा, म्हणजे तीन वर्षांत ६० आणि चार वर्षांत ८० क्रेडिट भाषाशास्त्राचे. मायनर (जोडीचा दुसरा विषय) तीन वर्षांत २४, चौथ्या वर्षापर्यंत ३२. उरलेल्यात मल्टिडिसिप्लिनरी ९, भाषेचे एईसी (क्षमता वाढवणारे कोर्स) ८, स्किलचे ९, व्हॅल्यू ॲडेड ६ ते ८ आणि समर इंटर्नशिप २ ते ४. हे सगळे किमान आकडे आहेत, प्रत्येक युनिव्हर्सिटीने आपापल्या परीने थोडं वरखाली केलंय, त्यामुळे तुझ्या युनिव्हर्सिटीचं तुझ्या ॲडमिशनच्या वर्षाचं ऑर्डिनन्स (नियमावली) डाउनलोड करून ठेव, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नकोस कारण सीनियरची बॅच कदाचित जुन्या नियमात असेल. महाराष्ट्रात शासनाने २०२३ च्या जीआरमध्ये हीच चौकट जरा मोठी केलीय, तीन वर्षांना १२० ते १३२ आणि चार वर्षांना १६० ते १७६, शिवाय ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण), फील्ड प्रोजेक्ट, भारतीय ज्ञान प्रणाली असे वेगळे कप्पे आहेत. तुला ते लागू नाहीत पण इथले पण बरेच जण हे वाचतील म्हणून सांगितलं.

क्रेडिट म्हणजे किती तास हे पण माहीत असावं, पुढे उपयोगी पडतं. लेक्चरचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला १५ तास, आणि प्रॅक्टिकल किंवा फील्डवर्कसारख्या कामाचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. डेझर्टेशनला १२ क्रेडिट आहेत. म्हणजे हिशोबाने ३६० तास झाले, आणि हा आकडा मला कधीच फुगवलेला वाटला नाही, नीट करणाऱ्याला इतका वेळ लागतोच.

आता पंचाहत्तर टक्के. यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. चौथ्या वर्षाला दोन रस्ते आहेत, एक साधं ऑनर्स आणि दुसरं ऑनर्स विथ रिसर्च. पहिल्या सहा सेमिस्टरला मिळून ७५ टक्के किंवा जास्त असतील (बऱ्याच ठिकाणी ७.५ सीजीपीए धरतात) तर रिसर्चचा रस्ता घेता येतो, त्यात १२ क्रेडिटचं डेझर्टेशन आणि ते मेजर विषयातच करायचं. तेवढे मार्क नसतील किंवा रिसर्चमध्ये इंटरेस्ट नसेल तर त्या १२ क्रेडिटच्या जागी तीन जास्तीचे पेपर घ्यायचे, डिग्री तरीही ऑनर्सच, क्रेडिट तरीही १६०च. म्हणजे ७४ टक्के आले तर ऑनर्स गेलं असं अजिबात नाही, दरवर्षी एखादं तरी मूल या गैरसमजात रडकुंडीला आलेलं असतं म्हणून हे ठळकपणे सांगतेय.

पण दुसरं एक ७५ आहे आणि ते वेगळं आहे. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांप्रमाणे चार वर्षांची डिग्री असलेल्याला मास्टर्स न करता थेट पीएचडीला अर्ज करता येतो, पण त्याला अख्ख्या चार वर्षांच्या डिग्रीत ७५ टक्के लागतात. एससी, एसटी, नॉन क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएसना यात पाच टक्के सूट देता येते. तर पहिली अट सहाव्या सेमला बघतात आणि दुसरी आठव्या सेमनंतर. सहाव्या सेमला ७६ असलेली मुलगी सातव्या-आठव्यात घसरून शेवटी ७४ वर आली तर तिचं ऑनर्स विथ रिसर्च झालं पण थेट पीएचडीचा दरवाजा बंद झाला. आणि मार्क घसरतात कुठे, तर नेमके डेझर्टेशनमध्ये, कारण ते एकदम १२ क्रेडिटचं असतं आणि तिथे कमी ग्रेड आली की ॲव्हरेज चांगलंच खाली येतं.

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचं पण याच्याशी जोडलेलं आहे. २०२४ पासून चार वर्षांची डिग्री ७५ टक्क्यांनी केलेल्यांना, शेवटच्या सेममध्ये असलेल्यांना सुद्धा, यूजीसी नेट देता येते, जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) आणि पीएचडी प्रवेशासाठी. असिस्टंट प्रोफेसरच्या पात्रतेसाठी मात्र मास्टर्स लागतंच. आणि यात एक छान गोष्ट अशी की ज्या विषयात पीएचडी करायचीय त्या विषयाची नेट देता येते, बीए कशात केलंय त्याचं बंधन नाही. हे महाराष्ट्रातल्या मुलांसाठी महत्त्वाचं आहे कारण आपल्याकडे बीएला भाषाशास्त्र मेजर म्हणून मिळणं जवळजवळ दुर्मीळच, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि मुंबई विद्यापीठाच्या विभागात मुलं मुख्यतः एमएपासून येतात. मराठी, इंग्रजी किंवा संस्कृत मेजर असलेल्याने चौथ्या वर्षाचं डेझर्टेशन बोलीवर किंवा व्याकरणावर केलं तर ते त्याच्या मेजरमध्येच धरतात आणि तो भाषाशास्त्राच्या दिशेने वळतो, मी अशी बरीच चांगली मुलं बघितलीत.

बाकीचे क्रेडिट पटकन सांगते. मायनर निवडायचं अजून हातात असेल तर माझं मत स्पष्ट आहे, स्टॅटिस्टिक्स किंवा कॉम्प्युटर घे, ते मिळत नसेल तर सायकॉलॉजी. संस्कृत पण उत्तम पण ते तू आवडीने बाजूला वाचशीलच, स्टॅटिस्टिक्स मात्र कुणी आवडीने बाजूला वाचत नाही आणि डेझर्टेशनला त्यावाचून अडतं. डिपार्टमेंटला शिकवायला माणूस नसेल तर स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स घेता येतात, एका सेमिस्टरच्या कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत स्वयमवरून घ्यायला यूजीसीची परवानगी आहे, आयआयटीच्या प्राध्यापकांचे भाषाशास्त्राचे चांगले कोर्स तिथे येतात, फक्त तुझी युनिव्हर्सिटी त्याचे क्रेडिट ट्रान्स्फर करणार का हे आधी लेखी घे. इंटर्नशिपचे क्रेडिट कुठल्यातरी ऑफिसात फायली लावून संपवू नकोस. म्हैसूरची भारतीय भाषा संस्थान, एखाद्या कोशाचं काम, भारतीय भाषांच्या स्पीच डेटाचं काम करणारे ग्रुप, असं काहीतरी शोध, तिथे ट्रान्स्क्रिप्शन (ऐकलेलं लिहून काढणं) आणि ॲनोटेशनची (त्यावर खुणा-टिपा जोडण्याची) सवय लागते आणि तीच पुढे कामी येते. आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे क्रेडिटची ऑनलाइन नोंद राहते तिथलं, अकाउंट उघडून दर सेमनंतर क्रेडिट चढलेत का ते बघ. आठव्या सेमला एखादा एईसीचा दोन क्रेडिटचा पेपर दिसतच नाही म्हणून डिग्री अडकलेली मी पाहिलीय, आणि तेव्हा दुसऱ्या वर्षाची मार्कशीट शोधत फिरावं लागतं.

मेजरच्या पेपरांबद्दल. फोनेटिक्स (उच्चार), फोनॉलॉजी (ध्वनिव्यवस्था), मॉर्फॉलॉजी (शब्दांची घडण), सिंटॅक्स (वाक्यरचना), सिमँटिक्स (अर्थ), ऐतिहासिक भाषाशास्त्र, समाजभाषाविज्ञान हे सगळीकडे असतात, नावं थोडी बदलतात. पास होण्यासाठी नोट्स पुरतात, ऑनर्स पूर्ण करण्यासाठी पुरत नाहीत. फोनेटिक्सला चांगले मार्क असलेली मुलं असतात, ज्यांना स्वनाची (बोलण्यातल्या ध्वनीची) व्याख्या पाठ असते पण एक मिनिटाचं बोलणं आयपीएमध्ये (उच्चार लिहायच्या आंतरराष्ट्रीय लिपीत) लिही म्हटलं की हात थांबतो. तू स्वतःला तपासून बघ. "चार" आणि "चाक" मधला च वेगळा आहे, "जग" म्हणजे दुनिया आणि "जग" म्हणजे जिवंत राहा यातला ज वेगळा आहे, लिपीत दोन्ही सारखेच. हे तुला कानाने कळतं कारण तू मराठी आहेस, पण आयपीएमध्ये वेगळं लिहिता येतं का? प्राट उघडून दोन्हीचा स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं चित्र) काढ, चाकच्या च मध्ये घर्षणाची ऊर्जा वरच्या फ्रिक्वेन्सीला दिसेल, चारच्या च मध्ये ती त्यापेक्षा खाली. प्राट हे ॲमस्टरडॅमच्या बोर्स्मा आणि वेनिंक यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर, फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. रोज थोडं थोडं केलंस तर दोन-तीन महिन्यांत हात बसेल. तसंच वाक्य तोडून खाली प्रत्येक घटकाचा अर्थ लिहायची पद्धत, लाइपझिग ग्लॉसिंग रूल्स, ती आत्ताच शिकून घे. डेझर्टेशन तपासणारा सगळ्यात आधी उदाहरणांचे ग्लॉस बघतो, तिथे चुका दिसल्या की पुढच्या सगळ्या युक्तिवादावरचा त्याचा विश्वास उडतो.

आता डेझर्टेशन, इथे मी जास्त थांबणार आहे.

विषय लहान हवा. बीएच्या डेझर्टेशनला एक प्रश्न पुरतो, ज्याचं उत्तर हो किंवा नाही किंवा "अमुक परिस्थितीत हो" असं देता येईल. "वऱ्हाडी बोलीचा अभ्यास" हा विषय होत नाही, तो आयुष्यभराचा उद्योग आहे. त्याऐवजी तुझ्या घरचीच गोष्ट घे. वऱ्हाडीत ळ चा य होतो, डोळ्याला डोया, काळ्याला काया, गुळाला गूय. हे सगळ्यांना माहीत आहे, पण आज अमरावतीत कॉलेजात जाणारी मुलं ते घरी बोलताना करतात आणि मुलाखतीत टाळतात का, शब्दयादी वाचताना आणि गप्पा मारताना प्रमाण बदलतं का, आजी, आई आणि मुलगी अशा तीन पिढ्यांत फरक पडतो का, हा विषय झाला. यात मोजायला एकच गोष्ट आहे, ळ की य, ऐकून ठरवता येतं, शंका आली तर प्राटमध्ये बघता येतं, आणि थोडक्या लोकांकडून सुद्धा पुरेसे नमुने मिळतात कारण ळ मराठीत पावलोपावली येतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लबॉव यांनी साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या तीन डिपार्टमेंट स्टोअरमध्ये जाऊन नुसतं "अमुक वस्तू कुठे मिळेल" असं विचारलं होतं, उत्तर "फोर्थ फ्लोअर" येणार हे माहीत असायचं, आणि त्या दोन शब्दांतल्या र वरून त्यांनी दाखवून दिलं की उच्चार दुकानाच्या दर्जाप्रमाणे बदलतो. प्रश्न लहान आणि नेमका असला की किती पुढे जाता येतं ते त्यातून शिकायचं.

तू बनारसला आहेस तर दुसरा एक विषय तुझ्या पायाशीच आहे. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि भोजपुरी. आता मराठीच्या व्याकरणात एक जागा अशी आहे जिथे हिंदीशी सरळ टक्कर होते. मराठीत आपण म्हणतो "तो पाणी प्यायला", "ती हिंदी शिकली", भूतकाळ आहे, कर्म आहे, तरी ने लागत नाही आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं. हिंदीत मात्र "उसने पानी पिया", "उसने हिंदी सीखी". बाकी क्रियापदांना मराठीत पण ने लागतोच, "त्याने आंबा खाल्ला". मग बनारसी मराठी घरांतल्या तरुण पिढीच्या तोंडी "त्याने पाणी प्यायलं" असं येतं का? आणि प्रथम पुरुषात आपण "मी आंबा खाल्ला" म्हणतो, ने दिसतच नाही, हिंदीत "मैंने" दिसतो, तिथे काही हललंय का? उत्तर काय येईल ते मी सांगत नाहीये, ते तू शोधायचंस. काहीच बदललेलं नाही असं निघालं तरी ते उत्तम डेझर्टेशन आहे, कारण मग प्रश्न उभा राहतो की इतक्या पिढ्या हिंदीत राहून ही जागा टिकली कशी. मराठीचा शेजारच्या भाषांशी संपर्क या विषयावर आपल्याकडे जगभर वाचला जाणारा अभ्यास झालेला आहे, सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा, गम्पर्झ आणि विल्सन यांचा, १९७१ मध्ये छापलेला. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांचे शब्द वेगळे राहिले पण वाक्यांची रचना इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य दुसरीत जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून नेता येतं, असं त्यांनी दाखवलं. तो निबंध आत्ताच वाच, इंग्रजी जड वाटलं तरी वाच.

पण असा डेटा गोळा करताना एक मोठी चूक होते आणि ती डेझर्टेशन संपवते. तू हिंदी वाक्य सांगितलंस आणि "याचं मराठी करा" म्हणालीस तर हिंदीतला ने तूच समोरच्याच्या तोंडात ठेवलास. मग जो निकाल येईल तो तुझ्या पद्धतीचा असेल, त्या माणसाच्या मराठीचा नसेल. त्यामुळे चित्रं दाखव, लहान मूक व्हिडिओ दाखव आणि काय झालं ते सांगायला सांग. त्यात पण अडचण येते, चहाचं चित्र दाखवलंस तर माणूस "त्याने चहा घेतला" म्हणून मोकळा होतो आणि तुला हवं असलेलं क्रियापद येतच नाही, कारण घेणे हे ने वालंच क्रियापद आहे. म्हणून पाणी पिण्याची आणि काहीतरी शिकण्याची प्रसंगचित्रं घे, आणि आधी दोन-तीन मैत्रिणींवर ट्राय करून बघ की हवं ते क्रियापद येतंय का. या ट्रायलला पायलट म्हणतात आणि तो न करता फील्डवर गेलेली मुलं हमखास दुसऱ्यांदा फील्डवर जातात.

दुसरी गोष्ट माणसांची माहिती. वय आणि शिक्षण सगळे लिहितात. पण अशा घरात सून इंदूरहून, पुण्याहून, नागपूरहून आलेली असू शकते, आणि मुलांची मराठी आईकडून येते. आई कुठे वाढली हे विचारलं नाहीस तर तू जिला बनारसी मराठी म्हणतेस ती कदाचित नागपुरी निघेल. घरात कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं, शाळा कुठल्या माध्यमाची, सुट्टीत महाराष्ट्रात जाणं होतं का, हे सगळं एका पानाच्या फॉर्मवर आधी घे.

रेकॉर्डिंगचं तर दरवर्षी सांगावं लागतं. व्हॉट्सॲप व्हॉइस नोटवर डेटा घेऊ नका, त्यात आवाज दाबला जातो आणि स, च, ज यांचे बारकावे जातात. वेव्ह फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, फोनमध्ये सुद्धा असं रेकॉर्ड करणारी ॲप आहेत, फक्त बाहेरचा छोटा माइक लाव. पंखा बंद करायला सांगताना संकोच वाटतो, पण सांगायचं. पडदे, गाद्या असलेली आतली खोली सगळ्यात चांगली. फाइलला नाव त्याच दिवशी दे आणि दोन ठिकाणी कॉपी ठेव. लिहून काढायला ईलॅन वापर, तेही फुकट आहे, आवाज आणि मजकूर एकत्र बांधून ठेवतं, पुढे परीक्षकाने "हे वाक्य ऐकवा" म्हटलं की क्लिक केलं की झालं. आणि वेळेचा अंदाज धर, एका मिनिटाचं बोलणं नीट लिहून, तोडून, ग्लॉस लावायला अर्धा-पाऊण तास सहज जातो, त्यामुळे पाच-सहा तासांचं रेकॉर्डिंग करून आणणारी मुलं खूप मेहनती वाटतात पण त्यातलं बहुतेक तसंच पडून राहतं. कमी घे, नीट घे.

संमतीपत्र मराठीत किंवा हिंदीत, त्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत. रेकॉर्डिंग कशासाठी, कुठे ठेवणार, कधीही नको म्हणता येईल, नाव छापणार नाही, एवढं त्यात हवंच. युनिव्हर्सिटीची एथिक्स कमिटी असेल तर तिची परवानगी डेटा घेण्याच्या आधी लागते, नंतर चालत नाही, आणि कमिटीची मीटिंग रोज होत नसते, म्हणून सातवं सेम सुरू झाल्या झाल्या अर्ज टाकायचा. मला मनापासून वाटतं की हा भाग मुलांनी कागदी औपचारिकता समजू नये. कुणीतरी आपल्याला घरात बसवून स्वतःची भाषा देतंय, तिची नीट काळजी घेणं हे आपलंच काम आहे.

जुनं साहित्य कुठे बघायचं तर ब्रिटिश काळात ग्रिअर्सन यांनी केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा, १९०५ चा, त्यात बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीची वेगवेगळ्या बोलींतली भाषांतरं आहेत, वऱ्हाडीची पण. नमुने भाषांतराचे आहेत हे लक्षात ठेवून वापर. आणि डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केलेलं मराठी बोलींचं सर्वेक्षण ऑनलाइन आहे, त्यात जिल्हावार ध्वनिफिती ऐकायला मिळतात. वऱ्हाडीचा विषय घेतलास तर आधी ते ऐकल्याशिवाय एक ओळ लिहू नकोस.

गाईडबद्दल. पाचव्या-सहाव्या सेमलाच ठरव, आणि विभागात ऑनर्स विथ रिसर्चला परवानगी आहे का, मान्यताप्राप्त पीएचडी गाईड आहेत का हे ऑफिसात विचार, कारण सगळ्याच कॉलेजांना ती नाही. गाईड निवडताना त्यांचं नाव किती मोठं यापेक्षा ते ड्राफ्ट वाचून परत देतात का हे त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना विचार. सिंटॅक्सच्या माणसाकडे समाजभाषाविज्ञानाचा विषय घेऊन जाऊ नकोस, ते नाही म्हणणार नाहीत पण तुला मदत पण होणार नाही. सातव्या सेममध्ये प्रश्न, वाचन, पद्धत, पायलट आणि एथिक्स, दिवाळीच्या सुट्टीत किंवा डिसेंबरात डेटा, आठव्या सेमच्या पहिल्या दोन महिन्यांत विश्लेषण, आणि होळीच्या आसपास पूर्ण ड्राफ्ट हातात, असं ठेवलंस तर सबमिशनच्या आधी सुधारायला वेळ राहतो. लांबी युनिव्हर्सिटी ठरवते, पण माझ्याकडची चांगली कामं साधारण पन्नास पानांच्या आसपास असतात. पहिली वीस पानं "भाषा म्हणजे काय" यावर घालवू नकोस. परीक्षकाला ते माहीत आहे.

व्हायवाला भीती वाटते म्हणतेस, तिथे प्रश्न ठरलेले असतात. हेच लोक का निवडले, इतकेच का, या वाक्याचा दुसरा अर्थ लागू शकतो का, तुझं म्हणणं चूक ठरायला काय सापडायला हवं होतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे असतं त्याने काम स्वतः केलंय हे लगेच कळतं. पाठ केलेलं प्रेझेंटेशन दहा मिनिटांत संपतं, त्यानंतर तुझा डेटा तुला किती माहितीय तेवढंच उरतं.

आता शेवटचा प्रश्न, तिसऱ्या वर्षी १२० क्रेडिटवर बीए घेऊन दोन वर्षांचं एमए करायचं का चौथं वर्ष करून एक वर्षाचं एमए. वर्षं दोन्हीकडे पाचच होतात. तुझ्या विभागात चौथ्या वर्षाला शिकवायला पुरेशी माणसं असतील आणि तुला ज्यांच्याकडे काम करायचंय असं कुणी असेल तर थांब आणि रिसर्च घे, परदेशात मास्टर्सला जायचं असेल तर चार वर्षांची डिग्री अमेरिकेत जास्त सहज धरली जाते तो पण फायदा आहे. पण विभागात दोनच शिक्षक आहेत, प्राट कुणी उघडलेलं नाही, चौथ्या वर्षाचे पेपर गेस्ट लेक्चररवर चाललेत, अशी परिस्थिती असेल तर मी तुला थांब म्हणणार नाही. तिसऱ्या वर्षी डिग्री घे आणि डेक्कन कॉलेज, मुंबई, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी जिथे भाषाशास्त्राचा स्वतंत्र विभाग आणि चांगली लायब्ररी आहे तिथे दोन वर्षांच्या एमएला जा, तिथली दोन वर्षं तुला जास्त घडवतील. बाहेर पडल्यावर परत येऊन चौथं वर्ष करता येतं का, हे तुझ्या युनिव्हर्सिटीच्या ऑर्डिनन्समध्ये आधी बघून घे. एक वर्षाचं एमए मात्र अजून सगळ्या युनिव्हर्सिट्यांनी सुरू केलेलं नाही, म्हणून चौथं वर्ष घ्यायचं ठरवण्याआधी तुला जिथे जायचंय त्या दोन-तीन विभागांना ईमेल करून विचार की ते तुमच्याकडे आहे का आणि किती सीट आहेत. उत्तर येईपर्यंत या उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावतीला जाशील तेव्हा आजीच्या गप्पा तिला विचारून रेकॉर्ड करून आण, अर्धा तास पुरे, आणि त्यातली पाच मिनिटं आयपीएमध्ये लिहून मला पाठव, मी तपासून देईन.